टोपी नको, डोकं पाठवा

सिन्योरा ओरिएल्ला कुणाचं डोकं मोजत नसत. हे आधी सांगायला हवं. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

इटलीत, आमच्या पादोवात, पदवी मिळाली की डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट चढतो. दाताचा डॉक्टर असो की माझ्यासारखी साहित्यवाली. मुकुट घालून दिवसभर गावात हिंडायचं, मित्रांच्या शिव्या खायच्या, ते पाजतील ते प्यायचं. पण पदवी मिळण्याआधी मुकुट डोक्याला लागता कामा नये. लागला की पदवी गेली. गणित शिकणारी मुलंसुद्धा हे पाळतात. मुकुटाच्या दुकानासमोरून जाताना ती पलीकडच्या भिंतीकडे बघतात.

मग माप कसं घ्यायचं? आया टोपी आणतात. लोकरीची टोपी, उन्हाळी हॅट. एका बापानं स्कूटरचं हेल्मेट आणलं होतं.

"हे डोक्याचं माप आहे की तुमच्या काळजीचं?" ओरिएल्लांनी विचारलं.

"दुसरी टोपी तो घालतच नाही हो."

त्यांनी हेल्मेटच्या आत दोरी फिरवली, दोन बोटं कमी केली, गाठ मारली. मुकुट बरोबर बसला. त्यांचा कधी चुकला नाही.

भाजीबाजारामागच्या कमानींखाली त्यांचं दुकान होतं. पुढं फुलं, मागं हिरवा पडदा, पडद्यामागं एक टेबल, दोन खुर्च्या आणि कॉफीची किटली. लॉरेल त्या तोर्रेल्याच्या टेकडीवरून आणत. तिथं त्यांच्या बापानं लावलेलं कुंपण होतं. चौदाव्या वर्षी त्या टेकडीवरून खाली आल्या त्या याच दुकानात कामाला. पुढं मालकिणीच्या मुलाशी लग्न झालं. नवरा गेला, सासू गेली, दुकान राहिलं. शाळा आठवीपर्यंत. मी त्यांना भेटले तेव्हा त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या आणि चिमटे, तारा, फिती यांच्यामध्ये दिवसभर उभ्या असत. पाठ दुखते का विचारलं तर म्हणत, "दुखते. पण बसले की तिच्याकडे लक्ष जातं."

मी ऑक्टोबरमध्ये त्यांच्याकडे लागले. पानं ओल्या फडक्यानं पुसायची, तारा कापायच्या, बादल्या भरायच्या. चोवीस वर्षांची होते. घरी सांगितलं होतं की परीक्षा सगळ्या झाल्या, प्रबंध लिहितेय, खर्चापुरतं फुलांच्या दुकानात जाते, बावीस मार्चला पदवी. खरं म्हणजे चार परीक्षा राहिल्या होत्या. लॅटिनमध्ये मी तीनदा नापास झाले. चौथ्यांदा गेलेच नाही. त्यानंतर बाकीच्या तीन परीक्षांनाही गेले नाही.

आमचं घर कावार्झेरेला, नदीकाठच्या सखल मुलखात. बाबा पाण्याच्या पंपघरावर, आई भाजीच्या शेडमध्ये लाल रादिक्क्योचे कोबीसारखे गड्डे निवडून खोक्यांत भरायची. माझे गुण ती एकेका चिठ्ठीवर लिहून फ्रिजवर लावायची. तीसपैकी सत्तावीस, चोवीस, तीस. शेवटच्या चार चिठ्ठ्या मी बनवलेल्या गुणांच्या होत्या. लॅटिनला मी स्वतःला अठ्ठावीस दिले. तीस दिले असते तर आईनं शेडमध्ये केक वाटला असता.

बावीस मार्चला काय करणार होते? मला माहीत नव्हतं. रोज सकाळी वाटायचं, अजून वेळ आहे.

पहिल्याच दिवशी ओरिएल्लांनी विचारलं, "साहित्य ना तुझं? म्हणजे लॅटिन येत असेल."

"थोडं."

"मग सांग. पन्नास वर्षं मी हे विणतेय. लाउरेआतो, लाउरेआतो म्हणतात सगळे. म्हणजे काय?"

तेवढं मला येत होतं. लाउरुस म्हणजे हे झाड. त्याच्या पानांचा मुकुट तो लाउरेआ. ज्याच्या डोक्यावर तो आहे, तो लाउरेआतो. आधी ग्रीकांकडे शर्यत आणि गाणं जिंकणाऱ्यांना मिळायचा. मग रोमचे सेनापती लढाई जिंकून आले की घालायचे. विजयाची बातमी घेऊन येणाऱ्या पत्रालासुद्धा लॉरेलची पानं गुंडाळत. पुढं कवींना मिळायला लागला. इंग्रजांनी हा शब्द 'लॉरिएट' म्हणून उचलला आणि राजाच्या कवीसाठी, नोबेलवाल्यांसाठी राखून ठेवला. आमच्याकडे पदवी घेणाऱ्या प्रत्येकाला तो मिळतो.

त्यांनी तार पिळणं थांबवलं.

"म्हणजे डोक्यात काय आहे, त्याच्याशी शब्दाचा काही संबंध नाही?"

"नाही. डोक्यावर काय आहे, त्याच्याशी."

त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. आठवडाभर प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगत होत्या. एका प्राध्यापकालाही सांगितलं. त्याला आवडलं नाही.

मग मी त्यांना झाडाची गोष्ट सांगितली. एक मुलगी होती. देव तिच्या मागं लागला. ती पळाली. तो जवळ आला तेव्हा तिनं बापाला हाक मारली, आणि बापानं तिचं झाड करून टाकलं. देवानं त्या झाडाची पानं तोडून डोक्यावर घातली. तेव्हापासून हा मान.

ओरिएल्लांनी हातातली फांदी उलटी करून पाहिली.

"पळता पळता झाड झाली," त्या म्हणाल्या. "आणि मान मागं धावणाऱ्याला."

मग ती बाजूला ठेवून त्यांनी दुसरीच फांदी विणायला घेतली. त्यांना गोष्ट आवडली नसावी, असं मला वाटलं.

विद्यापीठात गाल्दिनो नावाचा म्हातारा शिपाई होता. कधीच निवृत्त व्हायला हवा होता, पण तरी दिसायचा. पदवी समारंभाची यादी सूचना फलकावर लागली की त्याची एक प्रत तो ओरिएल्लांना आणून द्यायचा. तारीख, विभाग, नावं. त्या ती गल्ल्याच्या काचेखाली सरकवत. गाल्दिनोला एक फूल मिळे. ते तो कोटाला लावून जाई.

"यादी कशाला लागते हो तुम्हाला?" मी विचारलं. "मोबाइलवर दिसते की."

"मोबाइलला चार्जिंग लागतं. याला नाही."

मला वाटलं, किती मुकुट लागतील याचा अंदाज घ्यायला.

नोव्हेंबरमध्ये एक गृहस्थ आले. मुलगा इंजिनीयर होणार होता. त्यांनी टोपी पुढं केली. ओरिएल्लांनी काचेवरून बोट फिरवलं. खाली गेलं, वर आलं, परत खाली. मग टोपी त्यांच्या हातात परत दिली.

"टोपी नको. डोकं पाठवा."

"पण सिन्योरा, आधी मुकुटाजवळ यायचं नसतं ना?"

"मुकुटाजवळ नाही येणार तो. माझ्याजवळ येईल. काही डोकी टोपीवरून कळत नाहीत."

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. उंच, नखं कुरतडलेली. ओरिएल्लांनी पडदा बाजूला केला, दोघं आत गेले. कॉफीचा वास आला. पाऊण तासानं तो बाहेर पडला. डोळे लाल होते. मला "नमस्कार" म्हणाला आणि दारातल्या बादलीला अडखळला. तो मुकुट आम्ही केलाच नाही.

"काय झालं?"

"डोकं अजून तयार नव्हतं," त्या म्हणाल्या आणि कात्री शोधायला लागल्या. कात्री त्यांच्या खिशातच होती.

जानेवारीत एक मुलगी. फेब्रुवारीत अजून एक. मानसशास्त्र, म्हणून राखाडी फीत; प्रत्येक विषयाचा रंग ठरलेला. तिची आईही 'डोकं पाठवा' ऐकून गेल्यावर मी काच पुसायच्या निमित्तानं यादी वाचली. दोनदा वाचली. त्या मुलीचं नाव त्यात नव्हतं.

मला कळलं.

त्या दिवशी मी काम सोडायला हवं होतं. काहीतरी कारण काढून सटकणं सोपं होतं. मी खोटं बोलण्यात तयार झाले होते. पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. तिसऱ्याही. कदाचित मी रांगेत उभी होते.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात गाल्दिनो यादी देऊन गेला. ओरिएल्लांनी ती काचेखाली सरकवली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी फोन वाजला. मी बादलीत हात घालून देठ कापत होते.

"हो, बोलतेय. कोण? कावार्झेरेहून?"

माझे हात पाण्यातच राहिले.

"हो सिन्योरा लोरेता. ओळखते की. तुमची मुलगी कामाची आहे. थोडी कमी जेवते." पलीकडे आई लांबलचक बोलत असावी. "नाही, नाही सांगणार तिला. बावीसला. साहित्य, पांढरी फीत. हो." मग थांबून, "बसच्या ड्रायव्हरबरोबर? नको, नका पाठवू."

त्यांनी काचेवर हात ठेवला. यादी झाकली गेली.

"टोपी नको. डोकं माझ्यासमोरच आहे."

फोन ठेवून त्या पांढऱ्या फितीचं रीळ उलगडायला लागल्या. मग पुन्हा गुंडाळायला लागल्या. मी बादलीपाशीच होते. त्यांनी हाक मारली नाही. कोणालाच त्या ओढून आत नेत नसत, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. निरोप देत आणि वाट पाहत.

मी हात पुसले.

"मोजायला आले," मी म्हटलं.

पडद्यामागं खिळ्याला एक जुना मुकुट टांगलेला होता. पानं तपकिरी, फीत काळी, इंजिनीयरची. मी तो रोज पाहत होते. दुकानाचा नमुना समजत होते.

ओरिएल्लांनी मला खुर्चीत बसवलं, मागं उभ्या राहिल्या आणि माझ्या डोक्याभोवती दोरी धरली. कपाळावर एक हात, मानेच्या वर दुसरा. गाठ मारली नाही. नुसते हात ठेवून उभ्या राहिल्या.

"किती राहिल्यात?"

"चार."

"चारच?"

"लॅटिन धरून."

"मला तर शिकवलंस सगळं."

मी रडायला लागले. त्यांनी हात काढले नाहीत.

"हा मुकुट दानिएलेचा," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा. सव्वीस वर्षं झाली. अकरा जुलै. स्वतः विणला मी. विद्यापीठाच्या ओसरीत बाकावर बसले, मुकुट मांडीवर. माझी बहीण, जावा, पोरं, फुगे. तो पुढं गेला होता, उजळणी करतो म्हणून. बूट पॉलिश केलेले. दुपार झाली. फुगे एकेक बसायला लागले. मग एक शिपाई आला. म्हणाला, 'सिन्योरा, आज इंजिनीयरांचं काहीच नाही.' हळू म्हणाला, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं. तो गाल्दिनो. पुढच्या महिन्यापासून यादी आणायला लागला. मी मागितली नव्हती."

"आणि दानिएले?"

"अकरा दिवस काही कळलं नाही. अकरा दिवस मला माहीत नव्हतं, मी कुणाची आई आहे की नाही. लोक नदीकाठ बघून आले. मग फोन आला, त्रिएस्तेच्या बंदरातून. म्हणाला, 'आई, मुकुट फेकून दे.' म्हटलं, बरं." त्यांनी वर पाहिलं. "फेकला नाही. जहाजावर असतो आता, इंजिनाजवळ. रविवारी फोन करतो. पादोवात पाऊल नाही टाकलं. दर रविवारी वाटतं, आज विचारेल, आई तू रागावलीस का. तो विचारतो, हवा कशी आहे."

"तुम्ही काय सांगता?"

"हवा सांगते. तू ती गोष्ट सांगितलीस ना, पळणाऱ्या पोरीची. घरी जाऊन म्हटलं, माझा पण पळाला. झाड नाही झाला, एवढं बरं."

दोरी अजून माझ्या डोक्याला होती.

"दोरी कशाला मग?" मी विचारलं. "माप तर घेत नाही तुम्ही."

"हात ठेवायला कारण लागतं पोरी. एरवी तुमच्या वयाची पोरं डोक्याला हात लावू देतात का?"

मग त्या समोर येऊन बसल्या. कॉफी ओतली. साखर तीन चमचे, न विचारता.

"मला बावीस तारखेची भीती वाटत नाही. त्या दिवशी फार तर हसं होतं. मला आदल्या दिवसाची वाटते; पळायचं पोरं तेव्हाच ठरवतात. म्हणून तो दिवस आपण आधीच उरकून टाकायचा. रविवारी बस किती वाजता आहे?"

"तुम्ही येणार?"

"बोलणार तू. मी बाजूला बसून खाणार."

रविवारी त्यांनी चांगला कोट घातला. बसमध्ये दीड तास त्या खिडकीबाहेरच्या कुंपणांना नावं ठेवत होत्या. हे नीट छाटलं नाही, ते पाण्यानं मेलं. माझा हात त्यांच्या हातात होता.

आईनं शेवया घालून वालाचं दाट सूप केलं होतं. तिची बोटं रादिक्क्योच्या रंगानं लाल झालेली. ती खुशीत होती. पाहुणी आली म्हणून, आणि तिच्या समजुतीनं दोघींमध्ये गुपित होतं म्हणून. ओरिएल्लांना ती डोळ्यांनी खुणा करत होती. मला ते बघवेना.

"आई, बावीस तारखेला काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"पदवी नाही. चार परीक्षा राहिल्यात. मी खोटं बोलले."

बाबांनी चमचा ठेवला. आई उठली नाही, ओरडली नाही. फ्रिजकडे बघत राहिली.

"लॅटिनला अठ्ठावीस?"

"नाही."

"मी शेडमध्ये सगळ्यांना सांगितलं."

मग ती उठली. फ्रिजसमोर उभी राहिली आणि पहिल्या चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"हे खरं?"

"हो."

"हे?"

"हो."

अशी ती सोळा चिठ्ठ्यांवरून गेली. सतराव्याला मी नाही म्हटलं. तिनं ती काढली. मग उरलेल्या तीन. चारही चिठ्ठ्या घडी करून एप्रनच्या खिशात ठेवल्या. फाडल्या नाहीत. मग ओरिएल्लांकडे वळली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"यादीत नाव नव्हतं."

"आणि मी वेड्यासारखी फोन करून मुकुट सांगत होते."

"सांगितलात ना? करणारच आहे. तारीख तेवढी पुढची." ओरिएल्लांनी पाव तोडला. "सिन्योरा लोरेता, माझा सांगून नाही गेला. तुमची सांगायला आली. मी हे सूप सव्वीस वर्षं उशिरा पितेय, म्हणून अजून थोडं वाढा."

आईनं वाढलं. मग तिनं माझ्याही वाटीत वाढलं, काठोकाठ.

"चाळीस माणसांचे मासे सांगून झालेत," ती म्हणाली.

"रद्द कर," बाबा म्हणाले.

"का म्हणून? माणसं जेवणार नाहीत का?"

"कारण काय सांगणार?"

"माझा वाढदिवस."

"तुझा ऑगस्टमध्ये असतो."

"यंदा मार्चमध्ये आहे."

बावीसला चाळीस माणसं तळलेले मासे खाऊन गेली. आईला तीन हातरुमाल आणि एक मिक्सर मिळाला. ओरिएल्ला कुंडी घेऊन आल्या होत्या. कुणीतरी मला पदवीचं विचारलं. मी म्हटलं, चार परीक्षा राहिल्यात. तो म्हणाला, "अरेरे. मासे छान आहेत." इतकंच. मी वर्षभर ज्याला घाबरत होते, ते इतकंच होतं.

लॅटिन मी जूनमध्ये दिलं. बावीस मिळाले. आईनं चिठ्ठी लावली. दुकानात पडद्यामागं बसून मी अभ्यास करायचे आणि ओरिएल्ला बाहेरून ओरडायच्या, "मोठ्यानं वाच. मलाही येऊ दे." सप्टेंबरात दोन, डिसेंबरात एक. प्रबंध मी याच शब्दावर लिहिला, लाउरेआतो. त्यात रोमचे सेनापती आहेत, पळणारी मुलगी आहे, लॉरेलमध्ये गुंडाळलेली पत्रं आहेत. एक वाक्य ओरिएल्लांचं आहे, नाव न घेता: मुकुट नेहमी दुसऱ्याच्या हातानं चढतो, स्वतःच्या हातानं घातला तर ते नुसतं झुडूप.

प्राध्यापकांनी त्याखाली रेघ मारून विचारलं, संदर्भ? मी लिहिलं, तोंडी.

पुढच्या मार्चमध्ये, यादी लागल्यावर, एका शनिवारी आई दुकानात आली. फोन नाही, स्वतः. बसनं. मी कमानीखाली कुंड्या मांडत होते. ती माझ्याकडे न बघता आत गेली, ठरवून आल्यासारखी. पिशवीतून टोपी काढली. मी नववीत असताना तिनं विणलेली, लाल लोकरीची. एका बाजूनं उसवलेली.

"बुधवारसाठी," ती म्हणाली. "साहित्य. पांढरी फीत."

ओरिएल्लांनी चष्मा लावला. काचेवर बोट ठेवलं. नाव त्यांना पाठ होतं. गाल्दिनो यादी घेऊन आला तेव्हा त्यांनी त्याला एका फुलाऐवजी आख्खा गुच्छ दिला होता. तरी बोट पहिल्या नावापासून सावकाश खाली आलं. एका जागी थांबलं.

आई दोन्ही हातांनी टोपी धरून उभी होती.

"डोकं पाठवू का?" तिनं विचारलं.

"नको," ओरिएल्ला म्हणाल्या. "टोपी पुरे."

त्यांनी टोपी घेतली. आत दोरी फिरवली, नव्यानं, जणू हे डोकं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. गाठ मारली. मग दाराकडे पाहिलं.

"पोरी, स्वतःचा मुकुट होताना बघायचा नसतो. जा, बादली भरून आण."

मी मागच्या अंगणात गेले. नळाखाली बादली ठेवली. ती भरली, वाहायला लागली, आणि मी नळ बंद केला नाही.